ताट येण्याआधी उठणारी आत्या

"पाळकसाहेब, तारण जर देवाच्या कृपेनं मिळतं, आपण किती कामं केली त्यावर नाही, तर मग माझी आत्या दर शनिवारी चर्चची फरशी का घासते... आणि रविवारी प्रभुभोजनाचं ताट जवळ आलं की उठून बाहेर का जाते?"

प्रश्न तोंडातून निसटला आणि दृढीकरणाच्या, म्हणजे पहिल्या प्रभुभोजनाच्या तयारीच्या, वर्गातली अकराच्या अकरा डोकी एकदम वर झाली. चष्मिष आणि बटाटा या दोघी मैत्रिणींनी टिटवीला डिवचलं होतं, "एवढी शूर झालीयस ना, मग विचार की सगळ्यांसमोर." आणि टिटवी डिवचली की थांबणाऱ्यातली नव्हती. टिटवी हे तिचं घरातलं नाव. गेल्या वर्षापर्यंत ती हजेरीला 'हजर' म्हणतानासुद्धा लाजायची. यंदा वक्तृत्व स्पर्धेत पहिली आली, तेव्हापासून तिला आपला आवाज सापडला होता, आणि नव्या सायकलसारखा तो कारण नसतानाही काढून फिरवायची.

पाळकसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "अर्ध्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे," ते सावकाश म्हणाले. "तारण देणगी आहे. विश्वासानं हात पुढे करायचा आणि घ्यायची. कामं त्यानंतर येतात, आनंदानं. देणगीची किंमत म्हणून कामं करायला गेलं की ती कधी पुरी पडत नाहीत. उरलेल्या अर्ध्याचं उत्तर मात्र तुझ्या आत्याकडे आहे. आणि तिला विचारशील तेव्हा आवाज जरा खाली ठेव."

वर्ग हसला. टिटवीही हसली, पण तिच्या मनात काहीतरी कुरतडायला लागलं. पाळकसाहेबांनासुद्धा माहीत नाही? की माहीत आहे आणि सांगत नाहीत?

घरी जाताना मैत्रिणींनी तर्कांचा नुसता सडा घातला. बटाट्याच्या मते आत्यानं तरुणपणी लपून लग्न केलं असणार आणि नवरा कुठेतरी जिवंत असणार. चष्मिष म्हणाली, "छे ग, चोरी. चर्चमधलंच काहीतरी ढापलं असेल. म्हणून तर तिथंच राबते." टिटवीनं दोघींना गप्प केलं, पण आतून ती हादरली होती, कारण तिचा स्वतःचा संशय या दोन्हींपेक्षा काळा होता: आत्याच्या हातून कुणाचा तरी जीव गेला असणार.

त्या रविवारपासून ती आत्याकडे बघायला लागली. म्हणजे खरंच बघायला लागली, शाळेत विज्ञान शिकवणारे तिचे बाबा सूक्ष्मदर्शकात बघायला शिकवतात तसं. आत्या सगळ्यांच्या आधी येई. प्रभुभोजनाच्या मेजावरचं पांढरं कापड तीच इस्त्री करी, द्राक्षरसाचे छोटे पेले तीच मांडी. मग सगळ्यात मागच्या बाकाच्या कडेला बसे. आणि बाबा, आत्याचा धाकटा भाऊ, चर्चच्या पंचांपैकी एक, पहिल्या बाकावरून उठून हातात भाकरीच्या तुकड्यांचं ताट घेत, तेव्हा आत्याही उठे. गडबड नाही, घाई नाही. मागचं दार हळूच उघडून ती बाहेर जाई, आणि शेवटचं गीत सुरू झालं की परत येई. आणखी एक गोष्ट टिटवीच्या तेव्हाच लक्षात आली. आत्या बाबांना कधीच हाक मारत नसे. आई आजारी असली की आत्या आठ-आठ दिवस येऊन घर सांभाळी, बाबांच्या शर्टाची बटणं लावी, पण "ऐकलंस का" नाही, "अरे" नाही, नावही नाही. बाबांशी बोलायचं असलं की ती भिंतीशी बोलावं तशी बोले, "चहा ठेवलाय."

"आई, आत्यानं काय केलंय ग?" तिनं एका संध्याकाळी विचारलंच.

आईचा कणकेतला हात थांबला. "लग्न होऊन मी आले त्याच्या आधीचं आहे ते. तुझ्या आजोबांचं बाइंडिंगचं दुकान जळलं होतं... आत्याच्या हातून. त्या धक्क्यानं वर्षाच्या आत आजोबा गेले. बाबांसमोर विषय काढू नकोस. जेवत नाहीत मग."

तर हे होतं! खरं सांगायचं तर, टिटवीला थोडंसं समाधान वाटलं. म्हणून फरशी, म्हणून पेले, म्हणून ते मुकाट मागचं दार... आत्या पाप धूत होती.

शनिवारी ती चर्चमध्ये गेली तेव्हा आत्या गुडघ्यांवर बसून ब्रशनं बाकांच्या पायांशी घासत होती.

"आलीस? मग ती बादली सरकव इकडे. वक्त्यांना बादली उचलता येते ना?"

टिटवीनं बादली सरकवली आणि आवाज खाली ठेवला. "आत्या, दुकान कसं जळलं ग?"

ब्रश दोनदा पुढे-मागे झाला. "कुणी सांगितलं? आईनं?" मग एक सुस्कारा. "पुस्तकांच्या पाठीला चिकटवायला सरस लावतात. सरस थंड झाला की दगड होतो, म्हणून शेगडीवर पातळ करत ठेवायचा. आप्पांचा, तुझ्या आजोबांचा, नियम होता, शेवटी निघेल त्यानं शेगडी विझवायची आणि सरसाचं भांडं खिडकीत पालथं घालायचं. बाहेरून जाता-येता भांडं पालथं दिसलं की समजायचं, आग नाही. त्या संध्याकाळी शेवटी मी निघाले. आग लागली. राखेत भांडं सापडलं ते शेगडीवर, सरळ उभं. झालं."

"म्हणजे तू विसरलीस?"

"भांडं मी पालथं घातलं होतं," आत्या म्हणाली, आणि एकदम थांबली. नको तो शब्द ओठांवरून सांडावा तशी थांबली.

"घातलं होतंस? मग ते सरळ कसं सापडलं?"

"काही नाही. फार वर्षं झाली. आठवणी काय, कशाही असतात. तो कोपरा राहिलाय बघ, फडकं दे."

पण आत्याला कुठलीच गोष्ट कशीही आठवत नसे. टिटवीच्या पहिल्या दाताची तारीख तिला पाठ होती.

त्या रात्रीच्या जेवणाला टिटवी बसली ती पोटात कोंडलेला प्रश्न घेऊनच. आईनं नको म्हटलेलं तिला आठवत होतं. पण नवा आवाज कुठे ऐकतोय.

"बाबा, एक गोष्ट जुळत नाही. आत्या म्हणते, तिनं सरसाचं भांडं पालथं घातलं होतं."

बाबांच्या हातातला पेला मेजावर टेकला. फक्त टेकला. पण त्यांचा चेहरा... शाळेत एखाद्या मुलाकडे दुसऱ्याची वही सापडली की त्याचा होतो, तसा चेहरा होता तो. आणि इतके दिवस आत्याच्या मागे वास काढत फिरणारा टिटवीचा संशय जागच्या जागी वळला, आणि थेट तिच्या बाबांसमोर येऊन बसला.

"आत्यानंतर दुकानात कुणी गेलं होतं का, बाबा?"

"टिटवे, पुरे," आई म्हणाली. मग तिनं नवऱ्याकडे पाहिलं, आणि हातातली पळी खाली ठेवली.

 मग बाबा बोलले, ते ताटाकडे बघत. "दुसऱ्या दिवशी शाळेत शर्यत होती. माझ्या बुटाचा तळ सुटला होता. किल्ली कुठे असते ते मला ठाऊक होतं... भांडं खिडकीतून उचललं, शेगडी पेटवली, तळ चिकटवला. आणि पळालो. शेगडी विझवायची राहिली. पंधरा वर्षांचा होतो मी."

"आणि आत्या?"

"तिला अध्यापक विद्यालयात जागा मिळाली होती. आगीनंतर गेली नाही. दुसऱ्यांच्या बाइंडिंगमध्ये कामाला लागली. मला तिनं शिकवलं."

टिटवीला हे ठाऊक होतं की आत्यानं बाबांना शिकवलं. घरात ते कौतुकानं सांगितलं जाई. पण आत्याला व्हायचं होतं ते बाबा झाले होते, हे तिला आज पहिल्यांदा दिसलं. विज्ञानाचे सर! परीक्षानळी फुटली तर स्वतःहून येऊन सांगा, म्हणणारे सर!

दुसऱ्या दिवशी उपासना आटोपल्यावर बाबा आत्याच्या खोलीवर गेले. आई आणि टिटवी मागोमाग होत्या. कुणी त्यांना या म्हटलं नव्हतं आणि कुणी नकोही म्हटलं नाही. आत्या खिडकीशी बसून गीतांच्या एका फाटक्या पुस्तकाची जुजबंदी करत होती, दुमडलेल्या पानांचा एकेक फर्मा दोऱ्यानं मागच्याला शिवत. तिनं वर पाहिलं, भावाचा चेहरा पाहिला, आणि पुन्हा सुईकडे मान घातली.

"ताई, ते भांडं मी परत शेगडीवर ठेवलं होतं."

आत्यानं हातातला फर्मा शेवटपर्यंत शिवला. गाठ मारली. दोरा तोडला.

"माहीत होतं मला."

"क... कधीपासून?"

"दुसऱ्या दिवशी सकाळपासून. तू शर्यतीला निघालास तेव्हा तुझे बूट मीच पुसले. तळाला सरसाचा वास येत होता, कडेला ओला होता अजून."

बाबा खुर्चीवर बसले नाहीत, खाली जमिनीवरच बसले. "मग बोलली का नाहीस?"

"आप्पांनी तुला घराबाहेर काढलं असतं. आणि वाटलं, तू आपणहून सांगशील. आज नाही तर उद्या. मग तो उन्हाळा गेला, आप्पा गेले... शेवटपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत, आणि तू उशाशी उभा होतास."

आता बाबा हमसून हमसून रडायला लागले. टिटवीनं त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. तिला धावत जाऊन त्यांचे डोळे पुसावेसे वाटले, आणि त्याच क्षणी त्यांना हात लावायचीही किळस आली. रडता रडता बाबांच्या तोंडून आश्वासनं बाहेर पडू लागली. "मी पंचपद सोडतो, ताई. सगळ्या चर्चसमोर उभा राहून सांगतो. तू हे बाइंडिंगचं काम सोड, आमच्याकडे राहायला ये. शनिवारची फरशी मी घासेन, जन्मभर..."

आत्या हसली. रडता रडता हसली. "लागलास का घासायला? चोवीस वर्षं घासून बघितलंय मी. लोकांना वाटतं, मी आगीचं पाप धुते. मी धूत होते तुझ्यावरचा राग. वाटायचं, एवढी सेवा केली की एखाद्या रविवारी उठेन तर मन स्वच्छ झालेलं असेल, आणि मग मी ताटापाशी बसायच्या लायकीची होईन. राग कधी गेला नाही. फरशी तेवढी चकचकीत झाली."

"माझ्यामुळे तू..."

"माझंही ऐक. मी काही संत नाही. तुला वाचवलं ते खरं, पण दर रविवारी तू ताट उचलायचास आणि मी तुला पाठ दाखवायचे. तू बघतोस हे मला माहीत होतं. तेवढ्यासाठीच उठायचे, कित्येकदा." तिनं डोळे पदरानं नाही, शिवणाच्याच फडक्यानं पुसले. "मला वाटलं होतं, हा दिवस आला तर मी तुला चार शब्द सुनावीन. तोंडपाठ होते. आता बघते तर एकही नाही. तुला द्यायला क्षमा आहे माझ्याकडे, आणि ती कुठून आली मला ठाऊक नाही. मी काही ती कमावलेली नाही. तूही कमावू नकोस. घे, छोट्या."

छोट्या. त्या एका हाकेनं बाबांचं डोकं आत्याच्या गुडघ्यावर टेकलं, आणि आईनं तोंडाला हात लावला.

निघताना टिटवीनं दारात विचारलं, "आता शनिवारी नाही ना जायचं तुला?"

"का? फरशी आपोआप पुसली जाणार आहे? जाईन की. पण आता ती मळलेली असते म्हणून जाईन."

आत्याच्या डोळ्यांत असं काही निवळलं होतं की टिटवीला हेवा वाटला. कारण तिच्या मनात काहीच निवळलं नव्हतं. पुढचे पाच दिवस ती बाबांशी भिंतीशी बोलावं तशी बोलली. बाबा काहीही म्हणाले की ती मनात विचारी, हे तरी खरं का? त्यांनी वहीत काढलेली आकृती, त्यांची प्रार्थना, तिच्या डोक्यावरून फिरलेला त्यांचा हात, सगळंच तिला तपासून बघावंसं वाटे. दृढीकरण रविवारी होतं. सगळ्यांसमोर उभं राहून विश्वास कबूल करायचा, आणि पहिल्यांदा ताटातला तुकडा घ्यायचा. शुक्रवारच्या वर्गाला ती गेलीच नाही.

त्या संध्याकाळी आईनं दार लोटून तिघांना मेजाशी बसवलं. "नाव काढून घ्यायचं असेल तर सांग. पुढच्या वर्षी घेऊ. कुणी रागावणार नाही."

"मी पाळकसाहेबांना सगळं सांगितलंय," बाबा खाली बघत म्हणाले. "पंचपद सोडायला गेलो होतो. ते म्हणाले, रविवारी ताट तूच धर, ते निर्दोष लोकांसाठी मांडलेलं नाही. पण तुला नको असेल, टिटवी, तर मी मागे बसतो. तुझा दिवस आहे."

टिटवीनं त्यांच्याकडे पाहिलं. पाच दिवसांत प्रथमच नीट पाहिलं. बाबांचे डोळे सुजलेले होते, आणि त्यांना तिची भीती वाटत होती. हे बघून तिला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

"मी ठरवलंय," ती म्हणाली. आवाज कापरा होता, वक्तृत्वातला मुळीच नव्हता. "तुमच्यावरचा माझा राग गेलेला नाही, बाबा. आधी तो जाऊ दे, मग चांगली होऊन जाईन, असं मी म्हणणार होते. पण मग मीही आत्यासारखी चोवीस वर्षं मागच्या दारानं बाहेर जात राहीन. म्हणून मी परवा उभी राहणार आहे. रागासकट. आणि ताट तुम्हीच धरायचं."