संत डोरोथीचा चेहरा

धक्क्यावर बसून पवनचक्कीचं चित्र काढणाऱ्या एका माणसाच्या बुटांत पाणी शिरत होतं. ते पाहून थर्झा लार्टरनं गाडीचा वेग कमी केला. मे महिना होता आणि उधाणाची भरती. आमच्या किनाऱ्यावर अशा दिवशी खाजणातलं पाणी चढून रस्त्यावर येतं. ज्याला भरतीच्या वेळा ठाऊक असतात, तो सायकल आधीच वरच्या आळीत नेऊन ठेवतो. या माणसाची सायकल खांबाला टेकलेली होती आणि तिची चाकं अर्धी बुडाली होती. तो मात्र शांतपणे पवनचक्कीचं चौथं पातं पुरं करत होता.

"तुमचे पाय भिजलेत," थर्झा खिडकीतून म्हणाली.

"कल्पना आहे." त्यानं मान वर केली नाही. "एवढं पातं झालं की—"

"पातं कुठं जात नाही. सायकल जाईल."

तेव्हा त्यानं वर पाहिलं. डोळे करडे होते आणि नाकाला खडूची पूड लागली होती. मग त्यानं सायकल उचलली, चिखलाचे बूट झटकले आणि थर्झानं दार उघडलं. गाडीत दोन्ही बाजूंना पुस्तकांची कपाटं होती. काउंटीचं फिरतं वाचनालय ती तीन वर्षं चालवत होती. खाजणातल्या वाटा तिला डोळे मिटून सापडत, असं ती स्वतः म्हणत असे. अजून तरी तिनं डोळे मिटून पाहिले नव्हते.

त्याचं नाव ऑल्विन टॉमलिन. तो लेस्टरकडचा, म्हणजे समुद्रापासून जितकं लांब राहता येतं तितक्या लांबचा. एका प्रकाशकानं त्याला आमच्या काउंटीचं नवं प्रवासी पुस्तक लिहायला पाठवलं होतं. त्यात प्रत्येक गावाच्या वाट्याला चार ओळी यायच्या होत्या. तिथला इतिहास, तिथून दिसणारा देखावा आणि चर्चमधली चित्रं, सगळं त्या चार ओळींत.

"हॅकबीला चार ओळी?" थर्झानं विचारलं. हॅकबी तिचं गाव.

"पाच देईन. तुम्ही मला धक्क्यावरून उचललंत म्हणून."

"लाच घेत नाही मी. सहा द्या."

सायकलचं चाक वाकलं होतं, ते दुरुस्त व्हायला आठवडा लागणार होता. म्हणून मंगळवारी आणि शुक्रवारी तो वाचनालयाच्या गाडीतून हिंडू लागला. चाक दुरुस्त झालं तरी हिंडतच राहिला. जिथं गाडी थांबे, तिथं तो म्हाताऱ्यांची पुस्तकं घरापर्यंत पोचवी आणि परत येताना काहीतरी ऐकून येई. एका बाईनं त्याला समुद्रात गेलेल्या गल्ल्यांची नावं सांगितली. दुसरीनं कड्याखाली सापडलेला, हजारो वर्षांपूर्वीच्या हत्तीचा दात दाखवला. तो दात ती दार उघडं ठेवायला वापरत होती.

त्यांचं भांडण बहुतेक वेळा दगडांवरून होई. आमच्याकडे चर्चचे मनोरे गारगोट्यांचे आणि गोल असतात. ऑल्विन म्हणे, इथं कोपऱ्याला लावायला घडीव दगड मिळत नाही, म्हणून लोकांनी गोल बांधले. थर्झा म्हणे, वारा अडू नये म्हणून. एका मनोऱ्याच्या वयावरून त्यांनी पैज लावली. थर्झा दोनशे वर्षांनी चुकली, आणि हरलेल्यानं खेकड्याचे सँडविच आणायचे हे ठरलेलं होतं. ती घेऊन आली. दोघं कड्याच्या गवतावर बसून खात होते. समुद्रावरून धुकं सरकत आलं, आधी होड्या दिसेनाशा झाल्या, मग खालची वाळू, मग दहा हातांवरची गाडी.

"तुम्ही अजून आहात ना?" त्यानं विचारलं.

"आहे. तुमच्या बाहीवर खेकडा सांडलाय."

"दिसतंय तुम्हाला?"

"वास येतोय."

तो हसला. धुक्यात त्याचं हसू तिला आधी ऐकू आलं, मग दिसलं. बाही पुसायला तिनं आपला रुमाल दिला. त्यानं तो नीट घडी करून खिशात ठेवला आणि बाही तशीच राहू दिली. थर्झानं ते पाहिलं, आणि समुद्र जिकडे असायला हवा होता तिकडे बघत राहिली.

जूनच्या शेवटी ती त्याला हॅकबीच्या चर्चमध्ये घेऊन गेली. तिचे वडील हर्बर्ट तिथले राखणदार होते. वय एकाहत्तर, एक गुडघा अधू, आवाज मात्र शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. त्या चर्चमध्ये बारा संतांचा, पंधराव्या शतकातला एक रंगवलेला लाकडी पट आहे. पुढं चर्चमधल्या प्रतिमा पुसत हिंडणाऱ्या मूर्तिभंजक सैनिकांच्या काळात अकरा संतांचे चेहरे खरवडले गेले. बारावी संत डोरोथी, हातात गुलाबांची टोपली. तिचा चेहरा शाबूत आहे. का, ते हर्बर्ट दर उन्हाळ्यात पाहुण्यांना सांगत. सैनिक येताहेत हे कळल्यावर लार्टर घराण्यातल्या एका बाईनं भाकरीची कणीक चेहऱ्यावर थापली. सैनिकांना वाटलं, इथलं काम झालेलं आहे.

ही गोष्ट नुसती गोष्ट नव्हती. बिशपची एक समिती किनाऱ्यावरची लहान चर्चं बंद करायला निघाली होती, आणि हॅकबीचं नाव यादीत वर होतं. पटावरचा तो एकच चेहरा पाहायला माणसं येतात, एवढंच गावाला बोलता येण्यासारखं होतं. नव्या पुस्तकात त्या चेहऱ्याबद्दल छापून आलं, तर शरद ऋतूत समितीपुढं ते ठेवता आलं असतं.

ऑल्विननं तीन दिवस तो पट कागदावर उतरवला. तिसऱ्या दिवशी मागच्या बाजूची खालची नक्षी काढायला तो पटामागं जमिनीवर आडवा झाला आणि बराच वेळ उठला नाही. थर्झानं वाकून पाहिलं. डोरोथीच्या फळीच्या मागच्या अंगाला पेन्सिलीनं लिहिलं होतं. अक्षर शाळकरी होतं, पण स्वच्छ. 'जे. नड, रंगारी, क्रोमर. १८६८. चेहरा उरला नव्हता, माझ्या मनानं काढला. आठवडाभर पाऊस.'

दोघं एकाच विजेरीच्या उजेडात ते वाचत होते. त्याचा खांदा तिच्या खांद्याला लागला होता. दुसऱ्या कुठल्याही दिवशी तिला तेवढंच लक्षात राहिलं असतं.

"हे छापू नका," ती म्हणाली.

"बरं," तो लगेच म्हणाला. "नाही छापत."

घरी जाताना थर्झाला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. दोनशे वर्षांच्या फरकासाठी तिच्याशी दोन आठवडे हुज्जत घालणारा माणूस चार शतकांचा फरक एका शब्दात गिळून मोकळा झाला होता. तिच्यासाठी, हे तिला कळत होतं. पण त्याचा आनंद व्हावा की भीती वाटावी, ते कळत नव्हतं. शुक्रवारी गाडीत दोघंही हवामानावर बोलले. पुस्तकाचा मजकूर सोमवारी नॉरिचला प्रकाशकाकडे जाणार आहे, असं त्यानं सांगितलं. हॅकबीला सहा ओळी दिल्या होत्या.

त्या संध्याकाळी तिनं वडिलांना सगळं सांगितलं. हर्बर्ट शिंपले साफ करत होते. त्यांनी शेवटचा शिंपला साफ करेपर्यंत ऐकून घेतलं, हात धुतले, विजेरी घेतली आणि चर्चमध्ये गेले. अधू गुडघ्यानिशी ते जमिनीवर कसे आडवे झाले असतील, ते त्यांनी कुणाला पाहू दिलं नाही. परत आले तेव्हा कोटाच्या पाठीला धूळ होती.

"खोटं असणार, असं मला वाटायचंच," ते म्हणाले.

"कसं काय, डॅड?"

"पंचवीस वर्षांचा असताना मी रंगवलेल्या फळीवर कणीक थापून पाहिली होती. चिकटत नाही. गळून पडते."

"मग इतकी वर्षं—"

"लोकांना आवडायचं." ते खुर्चीत टेकले. थोड्या वेळानं म्हणाले, "चांगला हात होता गं त्याचा. घरं रंगवणारा माणूस... आणि पावसात एकटाच बसून होता बिचारा. त्याचं नाव कुणी घेतलं नाही आजवर." मग तिच्याकडे न बघता त्यांनी विचारलं, की तो टॉमलिन हे छापतोय का. मी नको म्हटलं, म्हणून छापत नाहीये, असं तिनं सांगितलं. हर्बर्टनी भुवया उंचावल्या. "लगेच ऐकलं त्यानं? मग तुला घोर लागणारच."

शनिवारी सकाळी ती ऑल्विनच्या बिऱ्हाडी गेली. तो न्याहारीला बसला होता, पुढ्यात धुरी दिलेला मासा होता. घरमालकीणबाई किटली घेऊन आत गेल्या आणि दाराआडच थांबल्या.

"छाप ते," थर्झा म्हणाली. "नडचं नाव, साल, सगळं."

त्यानं काटा खाली ठेवला. पहिल्यांदाच ती त्याला 'तू' म्हणाली होती. "पण तूच तर—"

"मी सांगितलं. आणि तू हो म्हणालास. एका क्षणात. तेव्हापासून मला नीट झोप नाही."

"तुला दुखवायचं नव्हतं."

"मनोऱ्यावरून दुखवलंस की. तेव्हा तर कुठं थांबला होतास?" तिनं खुर्ची ओढली, पण बसली नाही. "तू माझ्याशी भांडतोस म्हणून मला तू... म्हणजे, तू नुसता हो हो करायला लागलास, तर तुझं खरं काय ते मला कसं कळायचं?"

ऑल्विन उठला. त्यानं टेबलावरच्या गठ्ठ्यातून एक कागद काढून तिला दिला. हॅकबीच्या सहा ओळी होत्या. डोरोथीबद्दल एक अक्षर नव्हतं, ना खरं ना खोटं. बाजूला शाईनं तीनदा काहीतरी लिहून तीनदा खोडलेलं होतं.

"खोटं लिहवेना," तो म्हणाला. "आणि खरं लिहिलं असतं तर तू गेली असतीस."

"गेले असते. दोन दिवस."

दाराआड किटलीचं झाकण वाजलं.

त्यानं तिथंच बसून सातवी, आठवी ओळ लिहिली. पुढं त्या छापल्या गेल्या, आणि नोव्हेंबरमध्ये समितीनं हॅकबीचं चर्च दहा वर्षं चालू ठेवायचं ठरवलं. चेहऱ्यामुळे की छपराची नुकतीच डागडुजी झाली होती म्हणून, ते समितीनं कळवलं नाही. रंगाऱ्यानं काढलेला चेहरा पाहायला आता पूर्वीपेक्षा थोडी जास्तच माणसं येतात.

पण त्या शनिवारी यातलं काही ठरलं नव्हतं. वाचनालयाची गाडी त्या दिवशी नसते, म्हणून दोघं कड्यावरून पायी निघाले. खाली ओहोटी होती. वाळूचे पट्टे उघडे पडले होते आणि वाऱ्यानं थर्झाचे केस सारखे तोंडावर येत होते. ऑल्विननं एकदा हात पुढं केला आणि मग मागं घेतला. दुसऱ्यांदा मात्र बट तिच्या कानामागं सारली. ती चालत राहिली, जरा हळू.

मग त्यानं सांगितलं, की प्रकाशकानं पुढची काउंटी दिली आहे. लिंकनशर, आखाताच्या पलीकडे. सप्टेंबरात जायचं आहे, दोन वर्षं लागतील.

"छान," थर्झा म्हणाली. वाटेतली एक गारगोटी तिनं पायानं उडवली. "मनोरे कसे आहेत तिकडे?"

"चौकोनी. उंच." तो थबकला. "तिकडेही फिरतं वाचनालय आहे. मी पत्र पाठवून विचारलं होतं. गाडी चालवायला माणूस हवाय त्यांना."

थर्झा थांबली. "कधी विचारलंस?"

"जूनच्या पहिल्या आठवड्यात."

"जूनच्या पहिल्या आठवड्यात आपण मनोऱ्यावरून भांडत होतो."

"हो," ऑल्विन म्हणाला. "भांडण झालं त्याच संध्याकाळी लिहिलं. थर्झा... येशील? आधी लग्न करून. हर्बर्टना विचारून. किंवा तू म्हणशील तसं... नाही, मी म्हणतो तसं. लग्न करून."

तिनं लगेच हो म्हटलं नाही. पुढं मैलभर ती त्याला लिंकनशरच्या सपाट रानांबद्दल, तिथल्या वाऱ्याबद्दल आणि डॅडना दर महिन्याला भेटायला यायचं कसं याबद्दल एकेक प्रश्न विचारत राहिली, आणि दोनदा त्याचं उत्तर तिनं खोडून काढलं. दीपगृहापाशी वाट संपली. तिथं ती हो म्हणाली.