लिशीनमधला पांढरा दगड

यातला शब्द न् शब्द खरा आहे. माझी बहीण ऊना लग्न करून बोस्टनला गेली, त्या वर्षी हे घडलं. मी तिथे उभा होतो.

आमच्या किनाऱ्यावर बाप्तिस्म्याआधी गेलेल्या लेकराला चर्चच्या आवारात जागा नसे. दिवेलागणीला बापाने एकट्याने त्याला लिशीनमध्ये पुरायचं. लिशीन म्हणजे समुद्राकाठच्या जमिनीचा ओसाड तुकडा. आई घरीच. बाप परत येऊन दगडाची खूण सांगायचा, तेवढीच तिची.

नोरीनमावशीचं लेकरूही असंच गेलेलं. तिला नवऱ्याने, फेस्टीकाकांनी, पांढरा दगड सांगितला होता.

ती रोज जायची. दगड पुसायची, त्याच्याशी बोलायची.

पण ओहोटी लागली, की तिला रडणं ऐकू यायचं...

लिशीनकडून नाही. खालून, खडकांतून.

काका हसण्यावारी न्यायचे. म्हणायचे, "समुद्रातलं सील रडतंय, बाई. त्यालाही बायको असेल."

त्या उन्हाळ्यात फादर पहिल्यांदाच लिशीनला आशीर्वाद द्यायला आले. गावाने गवत काढलं. ज्याने त्याने आपल्या दगडापाशी उभं राहून लेकराचं नाव घ्यायचं, असं ठरलं.

भर दुपार. वारा पडलेला.

मावशीने मनात जपलेलं नाव उच्चारलं. "कोलमन."

आणि खालून रडणं आलं, असं तिने नंतर सांगितलं...

आम्हाला कुणालाच काही ऐकू आलं नाही. फादर प्रार्थना म्हणत राहिले.

फेस्टीकाका मात्र गर्रकन वळले. दगडाकडे नाही. खडकांकडे.

मावशीने ते पाहिलं.

"म्हणजे तुलाही ऐकू येतं," ती हळूच म्हणाली.

काकांची नजर खडकांवरून हटेना.

"कुठे ठेवलंस त्याला?"

"लिशीनमध्ये शिरायला घाबरलो, नोरीन. अंधारत होतं. खाली कपारीत ठेवला. म्हटलं, उजाडल्यावर पुरू... रात्री भरती आली."

"आणि हा दगड?"

"कुणाचाच नाही. डोळ्यांसमोर होता, म्हणून सांगितला."

मावशी रडली नाही. त्या घरात परत गेली नाही. आमच्याकडे राहिली. रडणं तिला पुन्हा कधी ऐकू आलं नाही.

काकांना मात्र भरतीलाही ऐकू येऊ लागलं. शेजारी सांगायचे, म्हातारा दारात बसून अंगाई म्हणतो.

हिवाळ्याच्या तोंडावर त्यांचं दार सताड उघडं सापडलं. त्यांचा कोट खाली त्याच कपारीत होता. गुंडाळलेला... तान्ह्याला गुंडाळतात तसा.

भरती येऊन गेली होती. कोट कोरडा होता.

मीच तो उचलला. आतून कोमट होता.

फेस्टीकाका त्याच वर्षी, नोव्हेंबरात, संत मार्टिनच्या सणाला बुडून वारले. नोरीनमावशी पुढच्या ईस्टरला आमच्याच घरी वारली.