केतकगडाची किल्ली-हजेरी

गोमाजी जर्राहाने केतकगडाच्या पहिल्या वेढ्यात शिपायांच्या जखमा शिवल्या. गोमाजीचा पुत्र रायाजी, त्याने दारूने भाजलेले गोलंदाज पुन्हा तोफेपाशी उभे केले. रायाजीचा पुत्र सिदोजी, त्याच्या शस्त्राखाली मात्र एक जखमी सरदार दगावला आणि फितुरीच्या खोट्या आळाने त्याला कडेलोट फर्मावला गेला. बांधलेल्या सिदोजीला कड्याच्या टोकावरून मागे ओढले ते तेव्हाचे किल्लेदार मानकोजीराव इंगवले यांनी, स्वतःच्या हातांनी. त्याच जागी सिदोजीने शपथ वाहिली, की इंगवल्यांचा एक जीव आमच्या हातून वाचेपर्यंत आमच्या घरचे माणूस त्यांच्यासमोर बसणार नाही. या सिदोजीची लेक म्हाळसाक्का. तेव्हा ती सात वर्षांची होती. आता साठी उलटली होती, गुडघे कुरकुरत होते, तरी इंगवल्यांच्या सदरेवर ती उभीच राहत असे.

मानकोजीरावांचे नातू हैबतराव आता गडाचे किल्लेदार होते. पातशाही फौजेच्या वेढ्याला चौथा महिना लागला होता. त्या सोमवारी पहाट फुटली तेव्हा धुके दरीतून चढून महादरवाजापाशी थबकले होते आणि सारी शिबंदी भवानीच्या ओट्याभोवती गोळा झाली होती. कारण दर सोमवारी किल्लेदाराने ओट्यावर ठेवलेल्या सात किल्ल्यांतून महादरवाजातल्या छोट्या दाराची, म्हणजे दिंडीची, किल्ली केवळ नजरेने ओळखून उचलावी, हा गडाचा शिरस्ता होता. चूक झाली तर तिसऱ्या सकाळी आणखी एक हजेरी. तीही चुकली तर किल्ल्या सबनिसाकडे.

म्हाळसाक्का गर्दीत दात आवळून उभी होती. बारा दिवसांपूर्वी हैबतरावांना पडसे झाले, नाकातून पिवळा पू वाहू लागला, वाकले की कपाळ फुटेलसे होई, वरच्या दाढा ठणकत. ती तेव्हाच सदरेच्या दाराशी गेली. पहारेकऱ्याने सबनिसाचा हुकूम सांगितला, की सरकारांना विश्रांती आहे. ताप चढला, अन्न तुटले, पापणी सुजून अर्धी मिटली. ती पुन्हा गेली, पुन्हा परतवली गेली. तिसऱ्या वेळी तिने पाहिले, की सबनीस केसो रंगनाथाने कोण कुठला अंजनवाला आणून बसवला आहे आणि तो सुजलेल्या डोळ्यात काजळ भरून वर घट्ट पट्टी आवळतो आहे. रोग एकीकडे आणि लेप दुसरीकडे! तिला त्या पहारेकऱ्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली होती.

हैबतरावांनी पट्टी काढली. उजवा डोळा खोबणीतून पुढे आला होता. त्यांनी हात पुढे केला आणि किल्लीच्या चार बोटे अलीकडे ओट्याच्या रिकाम्या दगडावर मूठ आवळली. शिबंदीत कुजबूज उठली.

"सरकारांच्या दृष्टीला ग्रहण लागले," केसो रंगनाथ हात जोडून म्हणाला. "तिसऱ्या सकाळपर्यंत कशाला ताटकळावे? किल्ल्या आजच सेवकाकडे सोपवाव्यात."

"दुखणे डोळ्याचे नाही!" म्हाळसाक्का पुढे आली. "बारा दिवस ओरडते आहे, या गडावर कुणाला कान आहेत की नाहीत?"

"न्हाव्याच्या लेकीने नाक धरावे," सबनीस हसला. "डोळ्याशी तिचे काय काम?"

"नाकच धरते आहे, सबनीस. सारे दुखणे तिथलेच आहे." ती किल्लेदारांकडे वळली. "सरकार, निशाणाचा रंग कोणता दिसतो?"

हैबतरावांनी डावा डोळा झाकला. "राखेसारखा. आणि अक्का, दोन्ही डोळे उघडले की एकाची दोन निशाणे."

"नाकाच्या बाजूंना आणि भुवयांमागे हाडांत पोकळ कोठड्या असतात. पडसे तिथे कोंडले, नासले. त्या कोठडीची भिंत पिंपळपानासारखी पातळ, आणि पलीकडे डोळा. पू तिथे उतरून डोळ्याला पुढे लोटतो आहे. आज वाट दिली नाही तर डोळा जाईल. पू मेंदूत चढला तर सरकारही जातील. मग नजरेने किल्ली ओळखायला राहील कोण?"

"आणि तुझा हात चुकला तर?" सबनिसाने विचारले. "बापासारखा?"

म्हाळसाक्काच्या ओठांचा रंग उडाला. तिने कड्याकडे बोट केले. "तो कडा मला ठाऊक आहे. दोर माझा मीच आणीन."

हैबतरावांनी एका डोळ्याने तिच्याकडे पाहिले. "शस्त्र काढ, अक्का."

अफूची गोळी देऊन, भर उजेडात, ओट्यापाशीच तिने त्यांचे मस्तक दोघा शिपायांकडून धरवले आणि नाक व डोळा यांच्या सांध्यात, भुवईखाली, गव्हाच्या दाण्याएवढी चीर दिली. हिरवट, दुर्गंधी पू भळाभळा वाहिला. जवळचे शिपाई तोंड फिरवून उभे राहिले. तिने जखमेत वात ठेवली, निर्गुडीचा वाफारा दिला, अंजनाची डबी कड्यावरून भिरकावली, आणि दोन दिवस बिछान्याशी उभी राहिली. कुणी बसायला बाज पुढे केली तर तिने ती सरकवून दिली.

तिसऱ्या सकाळी ताप उतरला होता. हैबतराव हजेरीला आले. डोळा अद्याप सुजलेला, पण आपल्या जागी बसलेला. त्यांनी आधी निशाणाकडे पाहिले. "भगवा," ते म्हणाले, आणि सात किल्ल्यांतून दिंडीची किल्ली सरळ उचलली. मग तटापाशी जाऊन खाली बघत राहिले.

"सबनीस, या हिरव्या केतकीच्या बनात तांबडी मुंडाशी दिसतात. दिंडीखाली दीडएकशे लोक दबा धरून बसले आहेत, ते कुणी दार उघडण्याची वाट पाहताहेत?"

केसो रंगनाथ एक पाऊल मागे सरला. अंजनवाला जिन्याकडे पळाला. शिपायांनी त्याला तिथेच आडवा केला. बुरुजावरच्या तोफांनी बनाला उत्तर दिले, आणि पुढच्या पंधरवड्यात वेढा ढिला पडून उठला. फितुरीची कबुली देऊन सबनीस अंधारकोठडीत गेला.

दरबारात हैबतरावांनी शालजोडी आणि गावाच्या इनामाची सनद पुढे केली. म्हाळसाक्काने दोन्हींना हात लावून नमस्कार केला आणि तबक परत सारले.

"आजोबांनी माझ्या बापाला त्या टोकावरून ओढले, सरकार. त्याचे इनाम कुणी घेतले नव्हते."

हैबतराव गादीवरून उठले. पापणी थोडी ओघळलेली होती, ती जन्मभर तशीच राहणार होती. त्यांनी शेजारची बैठक आपल्या हातांनी झटकली.

"म्हाळसाक्का, बसा."

साऱ्या दरबारादेखत, गुडघ्यांवर हात टेकत, म्हाळसाक्का खाली बसली.