ओस्लाचा रील

या रीलला, नाचाच्या या चालीला, माझं नाव कसं पडलं, एवढंच विचारायला तुम्ही समुद्र ओलांडून आलात. सांगते. पण ते टेपचं यंत्र जरा लांब ठेवा, मला त्याच्याकडे बघत बोलता येत नाही.

जूनचे दिवस होते. तेव्हा आमच्या बेटावर धड अंधार पडत नाही. माझा नवरा गिडियन आणि मी डोंगरावर वाळत घातलेली पीटची, म्हणजे जळाऊ मातीची, ढेकळं आणायला गेलो होतो. चुलीला दुसरं जळण कुठलं? परतताना धुकं उतरलं. गवतानं झाकलेल्या एका छोट्या टेकडीपाशी गिडियन थांबला, पाठीवरची टोपली उतरवली आणि जमिनीला कान लावून पालथा पडला.

"चल की रे. काय ऐकतोस?"

"श्श... खाली फिडल वाजतेय."

मला काही ऐकू आलं नाही. ओल्या मातीचा वास तेवढा येत होता. एरवी मेंढ्यांचा कोण कालवा असतो, त्या दिवशी एकही ओरडत नव्हती. गिडियन घरापर्यंत तीच चाल शिळेवर वाजवत आला.

टेकडीच्या पोटात राहतात त्या न दिसणाऱ्या लोकांची चाल उचलणं आमच्याकडे पाप नाही. कितीतरी जुन्या चाली तिथूनच आल्यात. फक्त वाजवताना सांगायचं, ही अमक्याकडून मिळाली. बापाकडून, शेजाऱ्याकडून, नाहीतर टेकडीकडून. जो सांगत नाही तो चोर.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी आमचा शेजारी लॉरी, त्याच्या बहिणीचं लग्न होतं. कोठारात नाच रंगला. गिडियननं काही न सांगताच आपल्या फिडलवर ती चाल काढली आणि पहिल्या फेरीला म्हातारेसुद्धा उठले.

"कुणाची रे ही?" लॉरी ओरडला. "तुझ्या डोक्यातली नक्की नाही. तिथं माशांशिवाय काही शिरत नाही!"

सगळे खो खो हसले. गिडियनचे कान लाल झाले. "माझीच आहे," तो म्हणाला. "बायकोच्या नावानं बांधलीय. ओस्लाचा रील."

खोटं कशाला बोलू, मला ते गोड लागलं. चारचौघांत नवऱ्यानं कौतुक केलं होतं.

चाल संपली आणि पुन्हा सुरू झाली. मग पुन्हा. नाचणारे दमून भिंतीला टेकले, तरी गज थांबेना. तारांवर रक्त दिसायला लागलं. मी धावत जाऊन त्याचा हात धरला. हात गार पडला होता, आणि मला लोंबकळत ठेवून तसाच पुढेमागे होत राहिला.

"ओस्ला... थांबव मला..."

"खरं सांग! कुठून आणलीस ते सांग सगळ्यांना!"

"टेकडी... टेकडीकडून मिळाली..."

गज खाली पडला. मी त्याला मिठी मारून रडले. वाटलं, सुटलो.

सासूबाई कोपऱ्यातून उठून आल्या. लेकाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. "चाल कुणाची ते सांगितलं या गाढवानं," त्या हळूच मला म्हणाल्या. "पण त्यांच्या वस्तूला तुझं नाव देऊन बसला, पोरी... उद्या त्यांनी तुला आपली म्हटलं, तर आपण कुठल्या तोंडानं नाही म्हणायचं?"

गिडियननं हातापाया पडून लोकांना सांगितलं, नाव बदला. पण नाव बेटभर झालं होतं. त्यानं फिडल विकून टाकली. त्यानंतर चाळीस वर्षं तो रोज दाराला खुर्ची लावून तिच्यात झोपला. मी चिडायची, म्हणायची, माणसासारखा पलंगावर ये. तो खुर्ची दाराला आणखी घट्ट रेटायचा.

गेल्या हिवाळ्यात तो गेला.

आता तुम्ही म्हणता, एकदा वाजवून दाखवा. अहो, मी जन्मात फिडल हातात धरलेली नाही. या घरात फिडलच नाही. मग तो गेल्यापासून रोज सकाळी उठते तेव्हा माझ्या डाव्या हाताला हे काय असतं? खिडकीपाशी या. चारही बोटांच्या टोकांवर, हे बघा... तारांचे वळ.

हात लावू नका. आजचे अजून ओले आहेत.