दगडूची लाट

"ईरा ठेवायचं तर ठेवा, पण बालवाडीत एका हाकेला चार ईरा धावत येतील. मग माझ्या नावाने बोटं मोडायची नाहीत." असं बजावून आर्वी करंजकरने समोरच्या जोडप्याकडे पडदा फिरवला. पडद्यावर ईराची रेघ डोंगरासारखी चढत गेली होती. नवरा बायकोकडे बघायला लागला आणि बायको पोटावर हात ठेवून हिरमुसली.

२०५१ साली हे काही नवलाचं राहिलं नव्हतं. पूर्वी लोक बाळाची पत्रिका काढायला जात, तसे आता बारशाआधी 'नामवेध'कडे येत. राज्यातल्या दीडशे वर्षांच्या जन्मांची नावं त्या यंत्राच्या पोटात होती. कुठलं नाव कुठे उगवतं, कधी फोफावतं, कधी शिळं होतं हे ते आधीच सांगायचं. आर्वी त्याची विश्लेषक होती, आणि हा धंदा तिने काही उगीच धरला नव्हता. तिच्या स्वतःच्या वर्गात पाच आर्वी होत्या. तिला सगळे 'जाडी आर्वी' म्हणायचे, आणि त्याचा राग छत्तिसाव्या वर्षीही गेला नव्हता.

यंत्राने शिकवलेली एक गोष्ट ती सगळ्यांना सांगायची. आजीचं नाव कुणाला नको असतं, पणजीचं मात्र गोड वाटतं. नाव विरायला एक पिढी पुरते, पण परत यायला तीन पिढ्या जातात. म्हणून तर कोथरूडच्या पाळण्यांमध्ये सध्या यमुना आणि द्वारका झोपलेल्या होत्या.

जोडपं गेल्यावर तिचा वरिष्ठ वेदांत हर्डीकर लगबगीने आत आला.

"आर्वी, दगडू वर चाललाय!"

"कोण दगडू?"

"अगं, नाव! दगडू, धोंडू, केरू. साठ-सत्तर वर्षं कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं, आणि आता बघ. लोकांना यमुनेचा कंटाळा आला, आता रांगडं काहीतरी हवंय. आपण संग्रह काढू. 'काळ्या मातीतली नावं.' हसू नकोस, लोक उड्या मारतील."

आर्वी हसली नव्हती. ती रेघेकडे बघत होती. नावांची फॅशन शहरात उगवते आणि तिथून गावाकडे झिरपत जाते. ही लाट उलटी निघाली होती. वाळेकोंडी नावाचं कोरडं माळरान, त्याभोवतीच्या दहा-बारा वस्त्या, तेवढाच तिचा जीव. शिवाय फॅशनचं नाव ठेवण्याआधी आईबाप ते शंभरदा शोधतात, त्याचा अर्थ बघतात, चारजणांना विचारतात. दगडू कुणी एकदाही शोधला नव्हता. थेट ठेवला होता.

"वेदांत, ही आवड नाही," ती म्हणाली. "पोरं जगत नसली की पूर्वी असली नावं ठेवायचे. धोंड्याला कोण नेणार, केराकडे कोण बघणार, म्हणून."

"ते तेव्हा. वाळेकोंडीत पाच वर्षांत एकही बाळ दगावलेलं नाही. नोंद बघ."

"नोंद पुरी कधी होते?"

वेदांतने नोंदीचा नियम पडद्यावर उघडला. नामवेधच्या नवीन पद्धतीत बाळाचं नाव पडल्यावरच जन्माची नोंद पुरी व्हायची. नाव पडलंच नाही, तर कच्ची नोंद काही महिन्यांनी आपोआप पुसली जायची. म्हणजे बारशाआधी गेलेलं बाळ जन्मलंही नाही आणि मेलंही नाही.

"बाप रे," वेदांत खुर्चीत बसला. "माझी गाडी घेऊन जा. आजच जा."

वाळेकोंडीच्या रस्त्याला दोन्ही बाजूंना द्राक्षांचे हिरवेगार मांडव होते. बाकी सगळं रान भाजून निघालेलं. पाटाचं पाणी कधीच आटलं होतं, खोल खोल बोअर मारून बागा जगवल्या होत्या. एका वस्तीवर मांडव दिसला म्हणून आर्वीने गाडी थांबवली. बारसंच होतं. घुगऱ्यांचं पातेलं चुलीवरून उतरत होतं, पण गलबला असा नव्हता. बायका हळू आवाजात बोलत होत्या, जणू कुणाला कळता कामा नये.

बायकांची नावं मायरा, अनायरा, शिवन्या. त्यांच्या पदराआडून डोकावणारी पोरं धोंडू, दगडी, केरू. नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा, अशी म्हण आहे आपल्याकडे. इथे सोन्यासारख्या पोरांना जाणूनबुजून कथलाची नावं दिली होती.

"तुमी नावाच्या हापिसातल्या व्हय?" गाडीवरचं 'नामवेध' वाचून बाळाची आत्या प्रांजलअक्का पुढे आली. चाळिशीची, अंगाने दणकट, पण डोळ्यांखाली काळं. "मग आमाला भारी नाव सुचवू नका, ताई. भारी नावाची दोन गेली आमची. ह्यो तिसरा."

"काय झालं होतं त्यांना?"

"निळं पडायचं पोरगं. ओठ निळं, नखं निळी. गाडीवर घालून तालुक्याला न्यायचो, वाटंतच जायचं. पयल्याचं नाव राजवीर ठिवायचं ठरलं हुतं. आमीच मिरवलं म्हना ना." ती बोलता बोलता स्टोव्हवरच्या भांड्याकडे वळली. पाणी खळखळत होतं. "औंदा मातूर कायबी चुकू दिलं न्हाई म्या. उन्हाच्या तावानं हिचं दूध आटलं, तर पावडरचं दूध देतो. पन पानी निम्मं आटंस्तोवर उकळायचं, मगच बाळाला. शिवन्या सुदिक हात लावत न्हाई, मीच करती सगळं."

पाळण्याशी बसलेल्या बाळाच्या आईने, शिवन्याने, मान वर केली. तिशीची असेल नसेल. "ताई," ती हळूच म्हणाली, "सकाळपास्नं त्यो रडत बी न्हाई."

आर्वी पाळण्यावर वाकली. बाळाच्या ओठांभोवती पिकल्या जांभळाचा डाग पडल्यासारखं दिसत होतं. तिने शिवन्याचा दंड धरला.

"उचला. गाडी दारात आहे. आत्ता निघायचं."

"नाव पडल्याबगर उंबरा न्हाई ओलांडायचा! आदीची दोन तशीच नेली आन् गेली!" दोन-तीन बायका एकदम म्हणाल्या.

"मग ठेवा की नाव! पटकन ठेवा!" आर्वी ओरडलीच. आयुष्यात तिने कुणाला नावाची अशी घाई केली नव्हती.

प्रांजलअक्काने बाळाच्या कानाशी तोंड नेलं. 'कुर्र' झालं, पण तिच्या पाठीत धपाटे घालायला कुणाचा हात उठला नाही. दगडू उंबऱ्याबाहेर पडला आणि गाडी सुटली.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर रेहाना सय्यद होत्या. त्यांनी बाळाच्या टाचेतून थेंबभर रक्त काढलं. ते लाल नव्हतं, चॉकलेटच्या रंगाचं होतं. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"पाणी कुठलं पाजता?"

तासाभरात सगळा उलगडा झाला. द्राक्षांना वर्षानुवर्षं घातलेलं खत जमिनीत मुरून बोअरच्या पाण्यात उतरलं होतं. त्यातला नायट्रेट नावाचा क्षार मोठ्या माणसाला फारसा बाधत नाही, पण तान्ह्या बाळाचं रक्त त्याने प्राणवायू वाहीनासं होतं आणि बाळ निळं पडतं. त्यावरचं औषध, गंमत म्हणजे, निळ्याच रंगाचं असतं. ते शिरेतून गेलं आणि दगडूच्या ओठांवर हळूहळू गुलाबी रंग चढायला लागला. मग त्याने भोकाड पसरलं. शिवन्याने ते रडणं ऐकलं आणि ती त्याच्यावर वाकली.

"पन आमी तर उकळून देत हुतो," प्रांजलअक्का म्हणाली.

डॉक्टर खुर्ची ओढून अक्कासमोर बसल्या. खोटं सांगता आलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. "अक्का, उकळून जंतू मरतात. हे जंतू नव्हेत. आमटी आटवली की खारट होते ना, तसं आहे हे. पाणी आटतं, क्षार तेवढाच राहतो."

अक्काला कळायला वेळ लागला नाही. तिने स्वतःच्या दोन्ही हातांकडे पाहिलं.

"म्हंजी जितकं जास्ती उकळलं..." एवढंच म्हणून ती बाहेर निघून गेली. आर्वी मागोमाग गेली. अक्का कडुनिंबाखाली उकिडवी बसून छाती पिटत होती. "तिसऱ्याला जपायचं म्हनून दुप्पट उकळलं, ताई! मीच माझ्या हातानं..." आर्वी तिच्या शेजारी मातीत बसली आणि तिने तिचे हात धरून ठेवले. तिलाही रडू आलं.

वेदांतने आपल्या परीने जिवाचं रान केलं. तिसऱ्या दिवशी वाळेकोंडीला बाळांपुरतं शुद्ध पाणी येऊ लागलं, आणि गर्भारणींच्या घरी आधी पोचलं. नामवेधमधलं ते कच्ची नोंद आपोआप पुसणं त्याने स्वतः बसून बंद केलं. मग दोघांनी मिळून यंत्राला नवीन प्रश्न घातला. कुठली नावं न शोधता, थेट ठेवली जाताहेत? राज्याच्या नकाशावर आणखी सात ठिपके उमटले. तिथल्या पाण्यात काय होतं, की पाण्यात काहीच नव्हतं आणि दुसरंच काही होतं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

निघण्याआधी आर्वी दवाखान्यात गेली. दगडू आईच्या मांडीवर टक्क जागा होता. अक्का दारातच उभी होती. तीन दिवसांत तिने बाळाला हात लावला नव्हता.

"ताई, घाईत ठिवलेलं नाव बदलता येतं का?" शिवन्याने विचारलं.

"येतं की. कधीही येतं."

शिवन्याने अक्काकडे बघितलं. "वन्सं, या इकडं."

"माझ्या तोंडानं नगं गं," अक्का म्हणाली. "माझा हात लागला की..."

"तुमच्या हातांनी त्याला जपलंय. मी बघितलंय न्हवं? आत्याबिगर कुनी नाव ठिवतं का? या म्हनते ना."

अक्का आली. तिने बाळ घेतलं. बाळाने तिचं बोट मुठीत पकडलं आणि चक्क ओढलं. ती वाकली, त्याच्या कानाशी ओठ नेले, आणि तशीच थांबली. मग मान वळवून तिने आर्वीकडे पाहिलं.

"ताई, तुमचं यंत्र नाव किती वर्सं टिकंल ते सांगतं म्हनं. मग येवढं सांगा. आता ह्याला चांगलं नाव ठिवलं, तर चालंल का?"