डांबराखालचं नाव

नऊ नोव्हेंबरच्या सकाळी गल्लीच्या फरशीतल्या नऊही पितळी चौकटींवर डांबर फासलेलं सापडलं. एकेका चौकटीवर एकेक नाव कोरलेलं होतं. या जर्मन गल्लीतून नाझींनी उचलून नेलेल्या, परत न आलेल्या ज्यूंची ती नावं. अडतीस साली याच तारखेच्या रात्री ज्यूंवर हल्ले झाले होते, म्हणून संध्याकाळी पाचला तिथं मेणबत्त्या लावायच्या होत्या, ज्यूंचं सिनेगॉग, मशीद, चर्च आणि कामगार संघटना अशा चौघांच्या आघाडीनं.

डांबराची बादली मिळाली मशिदीच्या अंगणात.

"बादली तिथं, म्हणजे चोरही तिथलाच," सिनेगॉगचा राखणदार बोरिस बोलून गेला. वळून बघतो तर मागे मशिदीचा सेलिम उभा. बोरिसनं जीभ चावली. गेल्या वर्षी सिनेगॉगवर दगडफेक झाली, तेव्हापासून दर शुक्रवारी थर्मास घेऊन दाराशी पहारा देणारा हाच सेलिम. आता चारच्या बैठकीत त्याला आणि त्याच्या मशिदीला आघाडीतून काढणार होते.

पाद्रीबाईंनी बोलावलेल्या खासगी तपासनीस योहाना क्रेल चौकटींपाशी वाकल्या. "बोरिस, तुम्ही पुसायला लागा. मी विचारते."

"बाई, मी फासलं असतं तर बादली स्वतःच्या दारात ठेवली असती?" सेलिम म्हणाला. "इतका बावळट दिसतो मी?"

छपरांची कामं करणारा संघटनेचा ऊव्हे खाली मान घालून म्हणाला, "बादली माझीच. गाडीच्या दाराची कडी दोन वर्षं मोडलीय. सगळी आघाडी त्यावरून माझी टिंगल करते."

तिसरे हार्टमुट सर. इतिहासाचे निवृत्त शिक्षक, आघाडीचे संस्थापक. प्रत्येक चौकट कुणा ना कुणाला सांभाळायला दिलेली होती. नेलेल्यांतल्या सहा वर्षांच्या लोटेची चौकट वीस वर्षं सरांकडे होती. 'माझी लोटे' म्हणत ते.

"मी आधीपासून सांगत होतो, ही मशिदीची माणसं मनानं आपल्यात नाहीत," सर बोलत सुटले. सेलिमपलीकडे त्यांचा विषय जाईना.

दुपारपर्यंत बोरिसचे हात सोलले. आठ नावांच्या अक्षरांत काळं रुतून बसलं होतं. नवव्या चौकटीवरचा थर मात्र एका फटक्यात निघाला. पितळ लखलखीत, वर लोटेचं नाव.

"चला, एक तरी वाचली!"

क्रेलबाईंनी त्याची चिंधी बोटांत चोळली. "हे तेलकट काय?"

"कोण जाणे. परवाच मी नऊच्या नऊ घासून कोरड्या केल्या. तेल आम्ही लावत नाही, माणसं घसरतात."

चारला बैठक भरली. मतदानाआधी क्रेलबाई उठल्या.

"फासणाऱ्यानं आधी एका चौकटीवर वंगण लावलं, डांबर धरू नये म्हणून. परवा ते नव्हतं. म्हणजे लावणाऱ्याला ठाऊक होतं की डांबर येणार आहे. आणि नऊतली एकच त्याला इतकी प्रिय होती. ऊव्हेची गाडी उघडी असते, हे तर सगळ्यांनाच माहीत. सर, वीस वर्षं जपलेल्या लोटेचं काय झालं, हे तुम्ही आज एकदाही विचारलं नाहीत. तुम्हाला विचारायची गरजच नव्हती."

बोरिसला वाटलं, सर आता खवळतील. सर चष्मा पुसत राहिले.

"या मशीदवाल्यांविरुद्ध पुरावा नव्हता, म्हणून तयार केला," ते म्हणाले. "बाकी नावांवर हात चालला. तिच्यावर नाही चालला."

"बाकीचीही कुणाची तरी लेकरंच होती," पाद्रीबाई म्हणाल्या.

पाचला मेणबत्त्या लागल्या. मशिदीतून चाळीस माणसं यायची होती, आला एकटा सेलिम. लोटेपाशी मेणबत्ती ठेवून तो निघाला.

बोरिसनं त्याची बाही धरली. "सेलिम, चोर सापडला रे."

"सापडला, काका. पण बादली दिसल्याबरोबर तुम्हीही माझ्याकडेच बोट दाखवलंत."

सेलिमनं हळूच बाही सोडवून घेतली.

शुक्रवारी बोरिस स्वतःच थर्मास आणि दोन पेले घेऊन दाराशी उभा राहिला. प्रार्थना संपली, माणसं घरी गेली. दुसरा पेला कोरडाच होता.