अर्ध्यात राहिलेलं कांडण

रत्नाबाई सासूबरोबर, सारजाबाईबरोबर, देवाला निघाली होती, बाकी काही नाही. मुळशीच्या धरणाचं पाणी वैशाखात खाली उतरतं आणि पोटात घेतलेली जुनी गावं पुन्हा उघडी पडतात. देवळाचा चौथरा वर येतो, घरांची जोती दिसू लागतात. मग इकडे तिकडे जाऊन वसलेली माणसं नारळ घेऊन आपापल्या देवाला भेटून येतात. सारजाबाईचं सासरचं गाव असंच पाण्याखालचं. आता घर होतं कोळवणच्या खोऱ्यात. सकाळी निघून खिंड ओलांडली की दिवस मावळायच्या आत पाण्याकाठी पोचता येई. रत्नाबाईनं भाकरी बांधल्या, नारळ घेतला. सासूनं मात्र खुंट्यांवरचं मुसळ उतरवलं आणि खांद्यावर टाकलं.

"आत्याबाई, देवाला मुसळ कशाला?"

"चल तू. ऊन चढंल."

सारजाबाई बाईच तशी. विचारल्याचं उत्तर देईलच असं नाही, पण अडल्या घरी बोलावण्याआधी हजर. तरणेपणी कपाळ पांढरं झालं, दिराजावांच्या पोरांसकट घर उभं केलं, आणि तोंडावर कधी आठी नाही. रत्नाबाईला आई आठवत नव्हती. लग्न होऊन आली तेव्हा पहिल्या रात्री या बाईनं तिच्या पायांना तेल लावलं होतं. सासूनं सुनेच्या पायांना तेल लावल्याचं कोणी ऐकलंय का? त्या दिवसापासून रत्नाबाईचा जीव तिच्यात अडकला होता.

तर या बाईला एक दुखणं होतं. ते रत्नाबाईला पहिल्या थंडीतच कळलं. उजाडायच्या आधी जाग आली की सारजाबाईचं काळीज धावत सुटायचं. अंथरुणात उठून बसायची, एक हात छातीवर, दुसरा पसरून भुईवर. मानेची शीर थडथड उडायची. पण कण्हणं नाही, देवाचा धावा नाही. तोंडानं नुसता श्वास सोडायची, हुं... हुं... करत, बाया भात कांडताना सोडतात तसा. थोड्या वेळानं शीर निवायची. मग केस बांधून ती हंडा उचलायची आणि विहिरीवर पहिली हजर.

"भ्या न्हाई वाटत, आत्याबाई?" रत्नाबाईनं एकदा विचारलं होतं.

"वाटतंय की. पर त्येच्या मागं मी न्हाई धावत. त्येला म्हनते, धाव बाबा, पर ठोक्यात धाव. हात भुईला लावायचा, म्हंजी आपुन हितंच हाय ते कळतं. श्वास सोडायचा तेवढा आपुन सोडायचा. घ्यायचा तो आपसूक येतोय."

इतकी वर्षं तिनं ते असंच निभावलं होतं. धावतं काळीज घेऊन उठायची, उखळापाशी जायची आणि कांडायला लागायची. एका वेळी उखळात घालायच्या भाताला घाणा म्हणतात. पहिला घाणा उरकेपर्यंत काळीज ताळ्यावर यायचं.

मग पौडला भात सडायची गिरणी आली. बहिरू, तिचा मुलगा, रत्नाबाईचा नवरा, आईवर माया करणारा. आता आईचे हात सुटले म्हणून त्यानं घरातलं उखळ भुईतून उकरून काढलं आणि कोंबड्यांना पाणी प्यायला अंगणात नेऊन ठेवलं. चांगल्या मनानं केलं, पण चूक ती चूकच. त्यानंतर सारजाबाईचं काळीज गोठ्यावर ऊन आलं तरी निवेना. फाल्गुनात ती विहिरीवर चक्कर येऊन पडली. पौडच्या डॉक्टरनं बराच वेळ छातीला नळी लावली आणि बहिरूला बाजूला घेऊन सांगितलं, काळीज थकलंय, असं रोज पळत राहिलं तर एक दिवस पळता पळता थांबेल. रत्नाबाई दाराआड उभी होती. तिनं ते ऐकलं.

दुसऱ्या पहाटे तिनं सासूच्या छातीला कान लावला. काळीज कांडत होतं, धप... धप... आणि दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत आणखी एक ठोका होता. तो छातीतला नव्हता. तो खालून येत होता, भुईतून.

रत्नाबाई भातकरी घरातली. दोन बाया समोरासमोर उभ्या राहून एकाच उखळात कांडतात, एकीचं मुसळ वर तेव्हा दुसरीचं खाली, हा ठोका तिनं पाळण्यात असल्यापासून ऐकलेला.

"दुसरं कोन हाय, आत्याबाई?"

सारजाबाईनं भुईवरून हात फिरवला. मग म्हणाली, "गोजरा."

बाकीचं तिनं आता, देवाला जाताना खिंडीच्या चढावर, दम खात खात सांगितलं. गोजराबाई तिची थोरली जाऊ. सारजा परकरातली पोर असताना सून होऊन आली, तेव्हा तिला कांडायला गोजरानं शिकवलं. मुसळाच्या भीतीनं पोर हात मागं घ्यायची. गोजरा म्हणायची, भिऊ नगं सारजे, माझं खाली आलं की तुझं वर, फकस्त थांबू नगंस. थांबलीस तर लागंल.

"त्या साली पावसानं पानी चढाया लागलं. मानसं सामान हलवत व्हती. वाटंला तांदूळ लागंल म्हनून आमी दोगी कांडत व्हतो. घाना अर्धा झाला आन् ह्यांनी हाळी दिली, पोरगं घेऊन भाईर ये. गोजरा म्हनली, तू व्हय फुडं, घाना अर्ध्यात सोडू नये, मी उरकून येते. मी अंगनात आले आन् मागनं भिजल्याली भिंत बसली." तिनं मुसळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "तिला भाईर काढली तवा हे मुसळ तिच्या हातात व्हतं. माझं तितंच ऱ्हायलं, उखळापाशी. तवापासनं रोज पहाटं ती कांडतीया, आन् माझं काळीज तिला साथ देतंय. गिरनी आल्यापास्नं हातात काम न्हाई, समदा भार काळजावर. म्हनून म्हनलं, तेवढा घाना उरकून येऊ."

"आन् तितं तुमाला काय झालं म्हंजी?"

"उखळात डोकं घातल्यावर मुसळाला भिऊन कसं चालंल?" असं म्हणून सारजाबाई हसली. ते हसू पाहून रत्नाबाईला रडू आलं.

रात्रीपुरत्या त्या पाण्यावरच्या धनगरवाड्यात थांबल्या. बायजा धनगरीण सारजाबाईच्या ओळखीची. तिनं ताक दिलं, घोंगडं दिलं, मुसळ उचलून भिंतीला टेकवलं. निजताना हळूच म्हणाली, "पानी उतारलं की आमची शेरडं पहाटंच्या पारी तिकडंच तोंड करून उभी ऱ्हात्यात. चरतबी न्हाईत... कांडन थांबलं की मगच खाली मुंडी घालत्यात."

पहाटे पूर्वेला नुसतं फटफटलं तेव्हा सारजाबाई उठून बसली. हात भुईला, श्वास बाहेर. रत्नाबाईनं तिला धरून उठवलं आणि दोघी उतार उतरल्या. वारा पडलेला. गाळ वाळून त्याला भेगा पडल्या होत्या आणि भेगांमधून ओल्या मातीचा, मेलेल्या माशांचा वास येत होता. देवळाला हात जोडून त्या पुढे गेल्या. सारजाबाई दारं नसलेल्या गावातून वळणं घेत चालली होती. जिथं कधीकाळी भिंत होती तिथून वळसा घालत होती. एका जोत्यावर ती चढली, वाकली आणि हातानं गाळ उपसू लागली. खाली दगडी उखळाची कड लागली.

उखळ रिकामं केलं. ओटीतून आणलेलं भात त्यात ओतलं.

"तू लांब हो, रत्ने."

पहिला ठोका पडला. धप. सारजाबाईनं मुसळ वर उचललं... आणि ते वर असताना खाली उखळात दुसरा ठोका पडला. भात हललं. रत्नाबाईनं डोळ्यांनी पाहिलं, मुसळ वर होतं आणि दाणे बाजूला झाले.

ती दोन पावलं मागे सरली. पण सारजाबाई कांडत राहिली. पांढरा अंबाडा सुटला, पदर खोचलेला, आणि तोंडावर भीती नाही, उलट कितीतरी वर्षांनी माहेरचं माणूस भेटावं तसं काहीतरी. "व्हय... व्हय गं बाई," ती कुणाला तरी म्हणत होती. असली बाई रत्नाबाईनं जन्मात दुसरी पाहिली नाही. ठोक्याला ठोका जात होता, तूस सुटत होतं, दाणा पांढरा होत होता.

घाणा थोडकाच राहिला आणि सारजाबाईचा हात वर गेला तो तिथंच अडकला. ओठ काळेनिळे पडले. मुसळ खाली येईना. समोरचा ठोका पडला... आणि पुढची जागा मोकळी राहणार होती.

थांबलीस तर लागंल.

रत्नाबाईला विचार करायला वेळच नव्हता. तिनं सासूच्या हातातलं मुसळ ओढलं आणि खाली आणलं. धप. समोरून उत्तर आलं. पुन्हा तिनं आणलं. समोरून येणाऱ्या वाऱ्याला घामाचा आणि शेणाच्या धुराचा वास होता, कामातल्या बाईच्या अंगाला येतो तसा. ती रडत होती, श्वास सोडत होती, हुं... हुं... आणि कांडत होती. शेवटी समोरचा ठोका थांबला. घाणा उरकला होता.

सारजाबाई जोत्यावर टेकली होती. तिनं छातीवर हात ठेवला आणि वाट पाहिली. मग नवलानं वर पाहिलं.

"निवलं गं. समदं गप झालं."

त्या तांदळाचा नैवेद्य देवापुढे ठेवून दोघी वर चढू लागल्या. सारजाबाई पुढे, हलक्या पायांनी. रत्नाबाई मुसळ घेऊन मागे. अर्ध्या चढावर तिला मागून आवाज आला. सळसळ... उखळात भात ओतल्यासारखा. मग एक ठोका. मग मोकळी जागा. पुन्हा एक ठोका, पुन्हा मोकळी जागा. कुणीतरी वाट पाहत होतं.

आणि त्या मोकळ्या जागेत रत्नाबाईचं काळीज पडलं. धप.

"का गं थांबलीस?" सासूनं विचारलं.

"काय न्हाई, आत्याबाई. चला तुमी."

तिनं ते कुणाला म्हणजे कुणाला सांगितलं नाही, बहिरूलाही नाही. दुसऱ्या दिवशी सारजाबाई उन्हं अंगणात येईपर्यंत झोपली. तिचं तोंड इतकं शांत की बहिरू दोनदा जवळ जाऊन श्वास पाहून आला. पौडच्या डॉक्टरनंही नळी लावून मान डोलावली.

आता उजाडायच्या आधी रत्नाबाई उठून बसते. काळीज धावत असतं. ती हात भुईला लावते, श्वास सोडते आणि शेजारी निजलेल्या सासूकडे पाहते. मग भीती राहते तेवढीच राहते, वाढत नाही. कोंबड्यांचं उखळ तिनं धुऊन पुन्हा घरात पुरून घेतलं. बहिरूनं कारण विचारलं तर म्हणाली, गिरणीच्या तांदळाला चव नाही.

"लई लवकर उठतीस गं," सारजाबाई म्हणते.

"सवय झाली."

मग मृग लागला, श्रावण आला. धरण भरलं, जुनं गाव पुन्हा पाण्याखाली गेलं. आता थांबेल असं रत्नाबाईला वाटलं होतं. पण एका पहाटे ती उठली, काळीज सांभाळत खुंट्यांवरचं मुसळ उतरवायला गेली. रात्री तिनंच ते पुसून कोरडं ठेवलं होतं. मुसळाच्या टोकाचं लोखंडी कडं ओलं होतं, त्यातून गाळाचं पाणी ठिबकत होतं, आणि त्याला ताजा, पांढरा कोंडा चिकटलेला होता.